दुसरी खुर्ची

वाद्यवृंदात माणसाला एकदा नाव पडलं की ते जन्मभर निघत नाही. एका चेलोवाल्याला तालमीच्या पहिल्याच दिवशी यायला वेळ झाला आणि त्याचं नाव 'उशीर' पडलं. पुढची अकरा वर्षं तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा, तरी उशीर तो उशीरच राहिला. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांचं नाव पडलं होतं खोडरबर.

कारण सरळ होतं. ते नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे लेखनिक होते. संगीतकार चाल सांगून मोकळा व्हायचा. ती चाल कोणत्या वाद्याने उचलायची, कोणी खालून आधार द्यायचा, कोणी गप्प बसायचं, हे ठरवून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद लिहायचं काम यांचं. ते पेन्सिलीने लिहीत आणि लिहीत त्याच्या दुप्पट खोडत. खोडून खोडून कागद इतका पातळ व्हायचा की पलीकडच्या पानावरचे स्वर अलीकडे दिसायचे. वादक ओरडायचे, "खोडरबर, दोन्ही पानं एकदम वाजवू का?" ते ओशाळून हसायचे आणि कागद परत घ्यायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. ते वाद्यासाठी लिहीतच नसत, माणसासाठी लिहीत. दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवालीची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. तीस वर्षांत तिच्या करंगळीवर त्यांनी एकही अवघड जागा येऊ दिली नाही, आणि तिला वाटायचं, आपलं नशीब चांगलं. ट्रम्पेटवाला जेवणानंतर सुस्तावायचा, म्हणून दुपारच्या प्रयोगाचे कागद वेगळे असत. आणि क्लॅरिनेटवाला होता भाता. छाती लोहाराच्या भात्यासारखी, म्हणून भाता. चार ठोक्यांचा एक बार, असे आठ बार, म्हणजे चांगली बत्तीस सेकंदं तो खालचा सूर एका दमात धरायचा, आणि वर शेजाऱ्याकडे बघून डोळा मारायचा. खोडरबरांनी त्याच्यासाठी लांबच लांब सूर लिहिले. 'भाता आहे तोवर चिंता नाही' हे वाक्य ते मनातल्या मनात म्हणत, आणि फार कमी वाक्यं अशी होती जी त्यांनी म्हटल्यावर खोडली नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी नाट्यगृहाने वाद्यवृंद बंद केला. खुर्च्या एका शाळेला गेल्या. खोडरबर पेन्सिलींचा डबा घेऊन घरी आले. नाटकं चालूच राहिली, मागून तयार संगीत वाजत राहिलं, आणि 'वादक कुठे गेले हो?' असं एकाही प्रेक्षकाने विचारल्याचं त्यांच्या कानावर आलं नाही. ते त्यांना लागलं. आपण तीस वर्षं जे खोडत बसलो ते कोणाला ऐकूच येत नव्हतं की काय, ही शंका एकदा आत शिरली ती बाहेर पडेना. भात्याला फोन करायचा असं ते दरवर्षी ठरवत, काय बोलायचं ते मनात लिहीत आणि खोडून टाकत. चौदा वर्षांत एकही फोन झाला नाही.

आणि गंमत बघा, ज्या कॉम्प्युटरने खुर्च्या उचलल्या तो त्यांच्याच घरी येऊन बसला. मुलाने लग्न केलं ते एका संगीतकार मुलीशी, आणि ती सगळं संगीत कॉम्प्युटरवर करायची. मागची खोली तिची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. तरी थोडंफार बाहेर यायचंच. खोडरबर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून वर्तमानपत्राचं एकच पान दोन-दोन तास वाचत. सुनेच्या कामाबद्दल चार वर्षांत त्यांनी बरावाईट शब्द काढला नव्हता.

एका सोमवारी सकाळी सून खोलीतून बाहेर आली. हातात चहाचा कप, चहावर साय धरलेली.

"पडलं," ती म्हणाली.

"काय पडलं? काच?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"काच नाही हो आई. माझा शेवटचा प्रसंग. दिग्दर्शकाने परत पाठवला. तिसऱ्यांदा."

चित्रपट एका नदीवरच्या बोटीचा होता. नदीवर पूल होतो आणि माणसं ने-आण करणारी बोट बंद होते, एवढीच कथा. शेवटी बोटीची शेवटची फेरी. चार मिनिटं कोणी बोलत नाही, फक्त पाणी, चाळीस उतारू आणि सुनेचं संगीत.

"म्हणतो, सगळं सुरात आहे, सगळं वेळेत आहे, पण बोट रिकामी वाटते." तिने कप टेबलावर आपटला. "चाळीस माणसं बसलीत हो बाबा पडद्यावर! बकरीसुद्धा आहे एक. आणि हा म्हणतो रिकामी! शनिवारपर्यंत जमलं नाही तर दुसरीकडून तयार संगीत घेणार. नुसत्या या प्रसंगाला नाही, नऊच्या नऊ प्रसंगांना."

खोडरबरांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. दोन वर्षं जाहिरातींना टिंग-टिंग लावल्यावर पोरीला मिळालेलं हे पहिलं मोठं काम, हे त्यांना माहीत होतं.

"बाबा, तुम्ही एकदा ऐकाल का?"

"मी? माझं काय... मला त्यातलं काही कळत नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण."

"अहो," बायको पदराला हात पुसत दारात आली, "चार वर्षं भिंतीला कान लावून फुकट ऐकताय, ते चालतं. पोर बोलावून खुर्ची देतेय तर अवलक्षण?"

"मी पेपर वाचत असतो."

"हो ना. काल उलटा धरला होतात."

गेले मग आत. सुनेने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि पडद्यावर बोट सुटली. खाली क्लॅरिनेटचा एक लांब सूर, पाण्यासारखा पसरलेला. वर व्हायोलिनचा थवा, मध्ये चेलो. छान होतं. खोडरबर मान डोलवायला लागले. अर्ध्या मिनिटाने मान थांबली. एका मिनिटाने ते खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मग त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनी हेडफोन ओढून काढला आणि चक्क धापा टाकायला लागले.

"बाबा! काय होतंय? पाणी आणू?"

"नको, नको. हा खालचा सूर कोण धरतोय?"

"क्लॅरिनेट आहे ते."

"ते कळलं. कोण?"

"कोणी नाही. म्हणजे कोणीतरी कधीतरी एकेक सूर वाजवून ठेवलाय. कॉम्प्युटर तो लांबवतो."

"किती लांबवतो?"

"हवा तेवढा. इथे चार मिनिटं आहे."

"मग बरोबर." खोडरबरांनी छातीवर हात ठेवला. "मला खोड आहे एक. वादकाने श्वास घेतल्याशिवाय मी घेत नाही. तीस वर्षांची सवय. हा घेईचना."

सून हसणार होती, पण हसली नाही. तिने पडद्याकडे पाहिलं. बोट मध्यावर थांबलेली. "म्हणजे चाळीस माणसं बसलीत," ती हळूच म्हणाली, "आणि एकही श्वास घेत नाही."

"तसं नसेलही. माझे कान जुने झालेत. तू माझं ऐकून काही बदलू नकोस," खोडरबर घाईघाईने उठत म्हणाले.

"बसा," सून म्हणाली. सासऱ्याला असं 'बसा' ती पहिल्यांदाच म्हणाली होती. ते बसले.

*

शनिवारी सकाळी दहा ते बारा असे दोन तास स्टुडिओ मिळाला आणि तीन वादक परवडणार होते. एक व्हायोलिन, एक चेलो, एक क्लॅरिनेट. बाकी सगळा ताफा कॉम्प्युटरचा. व्हायोलिनवाली आणि चेलोवाला सुनेच्या ओळखीचे होते. क्लॅरिनेटसाठी कोण, असं तिने विचारलं तेव्हा खोडरबरांनी एका कागदावर नंबर लिहिला. पाठ होता.

"तुम्हीच बोला ना. तुमचा मित्र आहे."

"नको, नको. इतक्या वर्षांनी... काय म्हणेल तो."

फोन सुनेने केला. शेजारी खोडरबर हात चोळत बसले होते. फोन ठेवून ती म्हणाली, "येतोय म्हणाले. आधी नाहीच म्हणत होते. मग विचारलं, लिहितंय कोण? मी तुमचं नाव सांगितलं, त्यांना कळेना. मग खोडरबर म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाले, असं सांग ना आधी."

पुढचे चार दिवस पॅसेजमधली खुर्ची मागच्या खोलीत होती. खोडरबरांनी सुनेला दोन खुर्च्यांची युक्ती सांगितली. एका दमात न मावणारा सूर असला की वाद्यवृंदात तो एकाला कधी देत नाहीत. शेजारीशेजारी दोघे बसवायचे. पहिल्याचा दम संपत आला की दुसरा हळूच आत येतो, पहिला श्वास घेतो, परत येतो, मग दुसरा सुटतो. ऐकणाऱ्याला एकच सूर ऐकू येतो, पण तो सूर कुठेतरी छातीसारखा वरखाली होत राहतो.

"आपल्याकडे एकच माणूस आहे," सून म्हणाली. "दुसरी खुर्ची कॉम्प्युटरला देऊ."

तसं लिहिलं. भात्याने आठ बार धरायचे, मग कॉम्प्युटरने दोन बार सांभाळायचं, परत भाता. खोडरबर पेन्सिलीने लिहीत आणि ती ते कॉम्प्युटरवर चढवी. एकदा तिने कागद उचलून पाहिला.

"बाबा, तुम्ही कॉम्प्युटरच्या ओळीतही श्वासाच्या खुणा केल्यात."

"हो का? खोडतो."

"राहू द्या की. त्याला घ्यायला लावते." आणि तिने खरंच प्रत्येक खुणेपाशी त्याचा सूर किंचित खाली आणला, मग वर. ते खालीवर तिने अकरा वेळा पुसलं आणि बाराव्यांदा ठेवलं. खोडरबरांना पहिल्यांदाच घरात कोणीतरी आपल्या जातीचं सापडल्यासारखं वाटलं.

"तुझं पण खोडरबर आहे की!"

"एका बटणावर आहे. आणि कागद फाटत नाही."

शुक्रवारी भात्याचा कागद स्वच्छ लिहून झाला. सून म्हणाली, "आठ बार जरा जास्त नाहीत? एकदा फोन करून विचारा ना त्यांना."

"त्याला काय विचारायचं," खोडरबर म्हणाले. स्वतःबद्दल इतकी शंका असलेल्या माणसाला या एकाच बाबतीत कसली शंका नव्हती. "त्याचा दम मला पाठ आहे."

*

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरचा लांबट हॉल. एका टोकाला जाड काच, काचेमागे रेकॉर्डिस्ट, सून, आणि मागच्या सोफ्यावर हाताची घडी घालून दिग्दर्शक. हॉलमध्ये वादकांसमोर एक पडदा, पडद्यावर बोट. प्रत्येकाच्या कानात हेडफोन, हेडफोनमध्ये कॉम्प्युटरचा वाद्यवृंद आणि ठोका दाखवणारी टकटक.

भाता दहाला पाच कमी असताना आला. खोडरबर दारातच उभे होते. त्यांनी आधी त्याच्या मागे पाहिलं, कारण समोरचा माणूस भाता असेल असं त्यांना वाटलंच नाही. शर्ट जुनाच होता, पण आत माणूस निम्मा.

"काय रे खोडरबर, जिवंत आहेस? मला वाटलं, फोन खोडलास तसा स्वतःलाही खोडलास."

"तू... तू बारीक झालास."

"डाएट," भाता म्हणाला आणि जिन्याचा कठडा धरून जरा उभा राहिला. "चल, कुठे बसायचं? ही शेजारची खुर्ची रिकामी का?"

"तिथे कॉम्प्युटर आहे. म्हणजे, कानात ऐकू येईल तुला."

भात्याने रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. "सांभाळून घ्या शेजारी."

पडद्यावर बोट सुटली. भात्याने सूर लावला, आणि खोडरबरांचे डोळे आपोआप मिटले. तोच सूर. लाकडाचा, जुन्या कपाटाच्या आतल्यासारखा. एक बार, दोन, तीन, चार. पाचव्या बारात सूर थरथरला आणि तुटला. कॉम्प्युटर यायला अजून तीन बार होते. तेवढा वेळ नुसती टकटक.

"रीड जुनी आहे," भाता म्हणाला. त्याने तोंडाशी लावायची ती वेताची पट्टी बदलली. दुसऱ्यांदा चौथ्या बारात तुटला. त्याने परत रीड बदलली. तिसऱ्यांदा पाच बार गेले आणि मग सुराऐवजी नुसती हवा आली.

"काका," काचेमागून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "तुम्ही फक्त चार बार द्या. मी तेच पुढे जोडत जातो. कोणाला कळणार नाही."

"जोड बाबा," भाता म्हणाला. तो रीडचा डबा बंद करत होता आणि झाकण लागत नव्हतं. "सगळंच जोड. मग मी कशाला हवा?"

दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा मिनिटं होती. सून काचेमागे उभी राहिली होती.

खोडरबर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं. दोष रीडचा नव्हता. सूर लावण्याआधी भात्याचे खांदे कानापर्यंत वर जात होते. चौदा वर्षांपूर्वी ते हलतसुद्धा नसत. आणि आपण आठ बार लिहिले. ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस चौदा वर्षांपूर्वीच्या खुर्चीत बसलेला होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. वाद्यासाठी नाही, माणसासाठी लिहितो म्हणे! त्यांना स्टुलासकट खाली छापखान्यात पडावंसं वाटलं.

अशा वेळी गप्प बसणं त्यांना फार चांगलं जमायचं. पण भाता क्लॅरिनेटचे सांधे सोडवायला लागला होता. ते उठले. हॉल ओलांडून जाताना त्यांच्या चपलांचा आवाज सगळ्या माइकमध्ये गेला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले, कारण हळू म्हटलं असतं तर परत खोडलं असतं. "मी जुन्या भात्याला लिहिलं. तुला विचारलं नाही."

भाता वर बघेना. "विचारलं असतंस तरी मी आठच म्हटलं असतं."

"आता किती जमतात?"

"तेच तर सांगता येत नाही ना. कधी चार, कधी साडेतीन. मध्येच एखादा पाचसुद्धा. आधी कळत नाही." मग त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "पूर्वी शेजारी माणूस असायचा. मी सुटायच्या आत त्याला कळायचं. हा तुझा शेजारी आपला टकटक मोजत बसतो. मी मेलो तरी आठव्यालाच येणार."

खोडरबर पेन्सिल घेऊन कागदावर वाकले आणि तसेच थांबले. कागदावर लिहिता येईल असं काही नव्हतं. साडेतीन, चार, पाच, कुठे खूण करणार? मग ते वळले आणि काचेकडे बघून हाताने बोलावलं. तीस वर्षांत त्यांनी कोणाला असं बोलावलं नव्हतं.

सून धावत आली.

"तुझी ती पेटी इथे आणता येईल? ती, वाजवायची?"

"कीबोर्ड? लांब वायर लागेल. कशाला?"

"ती खुर्ची रिकामी आहे. तू बस."

"मी?" सुनेचा चेहरा उतरला. "बाबा, मी कधी कोणाच्या शेजारी बसून वाजवलेलं नाही. मी एकटी वाजवते. चुकलं की पुसते. इथे कसं पुसणार?"

"इथे पुसायचं नसतं," खोडरबर म्हणाले, आणि हे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

रेकॉर्डिस्ट बाहेर आला. "मॅडम, असं दमावर वाजवायचं तर टकटक बंद करावी लागेल. मग बाकीचा कॉम्प्युटरचा वाद्यवृंद यांच्याशी जुळणार कसा? सगळं ठोक्याला बांधलेलं आहे."

खोडरबरांचा हात पेन्सिलीच्या मागच्या रबराकडे गेला. पण सून पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आता भीतीच्या जागी हिशेब होता.

"ठोका सोडवता येतो," ती म्हणाली. "आधी यांना वाजवू दे, जसं येईल तसं. घरी गेल्यावर मी यांचा एकेक ठोका शोधून कॉम्प्युटरला त्यावर चालवीन. आतापर्यंत माणसं त्याच्या मागे पळत होती, आता तो माणसांच्या मागे येईल. दोन दिवसांचं काम आहे, पण होतं. वेळ फक्त चित्राशी जुळायला हवी. दोर काठावर पडतो तिथे संपलं पाहिजे."

"ते माझ्याकडे," खोडरबर म्हणाले. "चार मिनिटांत किती ठोके बसतात ते माझ्या हाताला माहीत आहे. बहुतेक."

"बहुतेक काढून टाक," भाता म्हणाला. तो क्लॅरिनेट परत जोडत होता.

वायर हॉलभर ओढली गेली. सून दुसऱ्या खुर्चीत बसली, मांडीवर छोटा कीबोर्ड, डाव्या हाताखाली आवाज कमीजास्त करायचं चाक. कॉम्प्युटरचा क्लॅरिनेट आता तिच्या बोटाखाली होता आणि भात्याच्या एका कानात.

"त्याच्या तोंडाकडे बघू नकोस," खोडरबरांनी सांगितलं. "खांद्याकडे बघ. सुटायच्या आधी डावा खांदा जरा पुढे येतो. तो आला की तू हळूच आत ये."

पहिल्या खेपेला ती उशिरा आली. मध्ये मोठा खड्डा पडला.

"सूनबाई," भाता खोकत म्हणाला, "मी तळाला गेल्यावर दोर टाकता होय?"

व्हायोलिनवाली हसली. सूनही हसली आणि तिचे आवळलेले हात सैल झाले. दुसऱ्या खेपेला ती फार लवकर आली. "आता मी चांगला पोहत होतो की," भाता म्हणाला. तिसऱ्या खेपेला ती कधी आली ते कोणाला कळलं नाही.

साडेअकरा वाजले होते. खोडरबर पडद्याच्या बाजूला उभे राहिले. हातात वाद्यवृंद चालवणाऱ्याची काठी नव्हती, पेन्सिल होती. काचेमागचा लाल दिवा लागला. त्यांनी पेन्सिल खाली आणली आणि बोट सुटली.

भात्याने चार बार धरले, डावा खांदा पुढे आला, सुनेचं चाक वर गेलं. भाता परतला, ती सुटली. मग साडेतीन, मग परत चार. व्हायोलिन त्यांच्यावर अलगद बसलं. नदीच्या मध्यावर, जिथे बोटीतली एक म्हातारी पाण्यात हात घालते, तिथे भात्याला काय झालं कोण जाणे. चार झाले, पाच झाले, सहा झाले. खांदा हलेना. सुनेचं बोट पट्टीवर टेकलेलं, चाक तयार, पण ती आत आली नाही. तिने वाट पाहिली. सातव्या बाराच्या शेवटी खांदा पुढे आला आणि ती तिथे होती. तेवढ्यात भात्याने जो श्वास घेतला तो चांगला हॉलभर ऐकू गेला.

काठावर दोर पडला. खोडरबरांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी स्वतः श्वास घेतला, आणि दुसऱ्या खुर्चीतून तसाच एक श्वास त्यांना ऐकू आला. सूनसुद्धा धरून बसली होती.

काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मध्ये काकांच्या श्वासाचा आवाज आलाय. मोठा आहे. काढून टाकतो मी, मिनिटाचं काम आहे."

दिग्दर्शक सोफ्यावरून उठला होता. त्याने माइकपाशी वाकून विचारलं, "कुठे आलाय?"

"म्हातारी पाण्यात हात घालते ना, त्याच्यानंतर लगेच."

"परत लाव."

परत लावलं. हॉलमध्ये सगळे कान देऊन उभे. पडद्यावर म्हातारीने पाण्यातून हात काढला आणि कोणीतरी खोल श्वास घेतला.

"राहू दे तो," दिग्दर्शक म्हणाला. "काढू नकोस." मग तो सुनेला म्हणाला, "बोट भरली. बाकीचे आठ प्रसंगही असेच करायला तुला किती दिवस लागतील?"

सुनेने उत्तर द्यायच्या आधी सासऱ्यांकडे पाहिलं. खोडरबर पाठमोरे होते. ते भात्याच्या स्टँडवरचा कागद घेऊन '८' खोडत होते. खोडून झालं, फुंकर मारून झाली, मग त्यांनी पेन्सिल पुढे केली.

"तूच लिही."

भात्याने विचार केला आणि लिहिलं, 'चार. शेजार चांगला असेल तर सात.'

*

रविवारी सकाळी खोडरबरांच्या बायकोने पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं. वर्तमानपत्र घडी न मोडता पडलेलं. मागच्या खोलीतून आवाज येत होता. भात्याचा सूर, मध्येच थांबे, दोन पावलं मागे जाई, परत पुढे. सून एकेक ठोका शोधून खूण करत होती. आणि टेलिफोनपाशी खोडरबर बसले होते, समोर पेन्सिल आणि पाच नंबरांची यादी.

"अहो, कोणाला फोन?"

"करंगळीवाली. व्हायोलिन. पुढच्या प्रसंगात तिच्यासाठी जागा आहे."

"मग करा की. अर्धा तास बघतेय, रिसीव्हर उचलताय आणि ठेवताय."

"काय बोलायचं ते लिहून काढत होतो."

"दाखवा."

त्यांनी कागद पुढे केला. कागद पार पातळ झाला होता. सगळं खोडून एकच ओळ शिल्लक होती, 'हात कसे आहेत तुझे आता?'

"पुरे झालं एवढं," बायको म्हणाली आणि तिने नंबर फिरवायला सुरुवात केली.

पलीकडे घंटा वाजत राहिली. खोडरबर रिसीव्हर कानाला लावून, श्वास धरून बसले. मग पलीकडे कोणीतरी फोन उचलला.